दहा नंबरच्या सुया

आमच्या घरी गोदरेजच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, आईच्या लग्नातल्या शालूच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी आहे. पिशवीत पिवळ्या लोकरीचं बाळाचं स्वेटर आहे, अर्धवट, सुयांसकट. ओळ मध्येच थांबलेली, म्हणजे थोडे टाके डाव्या सुईवर, थोडे उजव्या. विणणाऱ्याला माहीत असतं की ओळ अर्ध्यात टाकून कोणी उठत नाही. फोन वाजला तरी "थांब, एवढी ओळ होऊ दे" म्हणतात. आई मात्र उठली होती. ऑगस्ट २०२१.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, नगरला आली होती. चौतिसावा आठवडा होता. संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "सकाळपासून हललं नाहीये गं." आईने सुया तशाच सोफ्यावर ठेवल्या आणि आम्ही रिक्षा शोधायला खाली पळालो. पुढचं मी लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी ताई रिकाम्या हाताने घरी आली, आणि कोणीतरी, बहुतेक बाबांनीच, ते विणकाम सोफ्यावरून उचलून पिशवीत घातलं.

आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही नवीन करत नाहीत. झबली, टोपडी, दुपटी सगळं नंतर. आधी कोणाचं तरी जुनं, मऊ झालेलं घालायचं. आईला हे माहीत होतं आणि तरी तिने विणायला घेतलं होतं, कारण पहिलं नातवंड आणि कारण तिचे हात रिकामे राहत नाहीत. डॉक्टरांनी नाळेचा दोष सांगितला, कागदावर लिहून दिला. मी तो कागद आईला दोनदा वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "मी घाई केली." त्यानंतर तीन वर्षं तिने सुई हातात धरली नाही. लोकरीचे उरलेले गोळे कामवाल्या मावशींना देऊन टाकले.

आईच्या विणकामाची भाषा हिंदी आहे, हे सांगायला हवं. नगर हे लष्कराचं गाव. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र इथे, यांत्रिक पायदळाचं केंद्रही इथेच. बाबा कॅम्पातल्या एका ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क होते आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं आई-बाबा भिंगारला भाड्याने राहत. शेजारी एका सुभेदारांच्या बायको, पंजाबच्या. आई त्यांना भाभीजी म्हणायची. थंडीत सकाळची कामं उरकली की बायका उन्हात बाजा टाकून विणत बसायच्या आणि तिथे आई शिकली. त्यामुळे मराठी पुस्तकात 'टाके' असतात ते आमच्या घरी 'फंदे' आहेत, 'सुलट' ते 'सीधा' आहे. मी शिकलो तेही तसंच, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, इतर लोक पाव भाजत होते तेव्हा. एक मफलर विणला, अडीच हात लांब, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. माझ्या मित्रांना हे कळल्यावर काय काय ऐकावं लागलं ते सोडून देतो. विनोद फारसे नवीन नव्हते.

२०२४ च्या मे महिन्यात ताईचा फोन आला की पाचवा महिना लागलाय. तिने मुद्दाम उशिरा सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर आईने देवापुढे दिवा लावला आणि नंतर भांडी घासायला बसली, घासलेलीच भांडी.

मी त्याच आठवड्यात ठरवलं की विणायचं. का, ते नीट सांगता येत नाही. थोडा हट्ट होता, कारण मला तो नियम खोटा पाडायचा होता. थोडी भीतीही होती. माझं काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं, रात्री दोन-अडीचपर्यंत जागा असतो, आणि तेव्हा डोक्यात नको ते येत राहतं. हातात काही असलं की जरा बरं. पण मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं की नियम खरा निघाला तर? मग घाई केली असं मीच उरलेलं आयुष्य म्हणत राहणार.

साधं स्वेटर मला नको होतं. एका रीलवर पिळांचं स्वेटर दिसलं होतं, छातीवर मोठी सेल्टिक गाठ. दोऱ्यासारखे उभार एकमेकांच्या वरून-खालून जातात आणि शेवटी परत स्वतःलाच येऊन मिळतात. सुरुवात कुठे, शेवट कुठे, कळत नाही. आयर्लंडच्या जुन्या हस्तलिखितांत, दगडी क्रुसांवर असल्या गाठी आहेत. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीत ज्ञानकमळ काढतात, त्यातही रेघा अशाच एकमेकींत अडकतात. तिथे बोट फिरवलं की झालं, इथे मात्र प्रत्येक वळण टाके मोजून घ्यावं लागतं.

पिळाची युक्ती ऐकायला सोपी आहे. समजा सहा टाक्यांचा पिळ. पहिले तीन एका तिसऱ्या, छोट्या सुईवर घेऊन पुढे लोंबत ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग लोंबणारे तीन. झाला पिळ, डावीकडे झुकलेला. छोटी सुई पुढे न ठेवता मागे ठेवली तर उजवीकडे झुकतो. मध्ये पाच ओळी साध्या, सहाव्या ओळीला पुन्हा पिळ. पिळाच्या दोन्ही बाजूंना उलटे टाके ठेवायचे म्हणजे जमीन आत दबते आणि पिळ वर उठतो. विणकामात दोरखंड असा वेगळा नसतोच, तेच टाके जागा बदलून बसतात एवढंच. गाठ बंद करायची तर अजून एक भानगड. ती जमिनीतून एकदम उगवायला हवी, म्हणून एका टाक्यातून पाच काढायचे आणि वर पोचल्यावर पाचाचा एक करायचा. हे मला तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री जमलं आणि मी एकटाच खोलीत "येस" ओरडलो. लॅपटॉपवर टीम कॉल चालू होता. नशीब, माइक बंद होता.

लोकरीचीही एक गंमत झाली. मला वाटलं, आपण नगरचे, दख्खनी मेंढ्या आपल्याकडच्या, लोकरही इथलीच घ्यावी. रविवारी गाडी काढून पारनेरकडे गेलो. मित्राच्या ओळखीचे एक धनगर बाबा होते. पावसाळा तोंडावर आलेला, ते घरी भेटले. दिवाळीनंतर गेलो असतो तर वाडा कोकणाकडे निघालेला असता. मी त्यांना म्हणालो, "बाबा, वीण करायची आहे, बाळासाठी." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग लक्षात आलं, त्यांच्याकडे वीण म्हणजे मेंढ्यांचं वेत. मराठीत एकच शब्द दोन्हीला चालतो, लोकरीलाही आणि पिल्लांनाही, हे माझ्या आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं. सुया दाखवल्यावर त्यांना उलगडा झाला.

त्यांनी आतून लोकर आणून दिली. काळी, जाड, केसाळ. घोंगडीला उत्तम. तिचं सूत काढायचं, त्याला चिंचोक्याची खळ लावायची, मागावर विणायचं, मग पाऊस, थंडी, काटे, काहीही येऊ दे. मी ती गालाला लावून पाहिली आणि गाल खाजवायला लागलो. बाबा हसले. "पाव्हणं, तान्ह्या लेकराच्या अंगाला ही? कातडं सोलून निघंल." मग म्हणाले, जावळ असतं तर बरं होतं. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ, तिची घोंगडी मऊ असते आणि महाग असते. बाळाच्या पहिल्या केसांनाही आपण जावळच म्हणतो, आणि ते काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. जावळ काही त्यांच्याकडे शिल्लक नव्हतं. त्यांनी मला चहा पाजला आणि रिकामं परत पाठवलं.

शेवटी कापड बाजारातून पोनीच्या दहा आणि बारा नंबरच्या सुया आणल्या. बारा नंबर बारीक, खालच्या पट्टीसाठी. दहा जाड, अंगासाठी. आकडा वाढला की सुई बारीक होते, हे कोणी ठरवलं कोण जाणे. दुकानात बेबी वूल म्हणून जे मिळालं ते ॲक्रेलिक. धुवायला सोपं, रंग टिकतात, पण शेवटी ते प्लास्टिकच. मग मेरिनोचे चार गोळे ऑनलाइन मागवले, न रंगवल्यासारखे पांढरट, चारही एकाच लॉटचे. (लॉट वेगळा असला तर पांढऱ्यातही फरक दिसतो. हे मफलरने शिकवलं होतं.)

पहिला पाठीचा भाग मी पूर्ण चुकवला. साध्या विणीत माझे इंचाला सात टाके येत होते. पाठ अकरा इंच हवी, म्हणून सत्त्याहत्तर घातले. सहा इंच विणून झाल्यावर मोजलं तर रुंदी भरली नऊ इंचही नाही. पिळ कापड आत ओढतो. टाके एकमेकांवर चढतात, म्हणजे तेवढ्याच टाक्यांत रुंदी कमी होणार. हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, आणि माझ्याकडे ती असूनही समजलं नव्हतं. अकरा रात्रींचं काम उसवलं. लोकर उसवताना जो आवाज येतो, टर्रर करत, तो ऐकवत नाही. वाफ दाखवून तिच्या वळ्या काढल्या आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी पट्टी झाल्यावर प्रत्येक पिळामागे दोन आणि गाठीसाठी वेगळे टाके वाढवून घेतले.

याच काळात मी ते वाचलं, जे वाचायला नको होतं. पिळांची ही स्वेटर आयर्लंडच्या पश्चिमेला अरन नावाची तीन बेटं आहेत तिथली म्हणून विकली जातात. जिथे तिथे लिहिलेलं असतं की तिथल्या प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, कारण समुद्रात बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की चेहरा ओळखू येत नसे, तेव्हा स्वेटरवरून ओळखायचे. रात्री दोन वाजता मी हे वाचलं. मांडीवर अर्धं बाळाचं स्वेटर. ते तसंच उशीखाली सारलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी अजून शोधलं तर कळलं की ही कथा खरी नाही. घराण्यांच्या विणी वगैरे काही नव्हतं. ही स्वेटर हजार वर्षांची परंपराही नाहीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटांवरच्या बायकांनी ती घडवली आणि पुढे दुकानदारांनी त्यांना प्राचीन करून विकलं. कथेचं मूळ बहुधा एका नाटकात आहे. जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराच्या १९०४ च्या 'रायडर्स टू द सी' मध्ये बुडालेल्या भावाचे कपडे येतात, आणि बहीण मोज्यावरून ओळखते. मोजा तिनेच विणलेला असतो. त्यातले टाके ती मोजते, आणि तिच्या हातून किती सुटले होते हे तिला आठवत असतं. म्हणजे नाटकात ओळख घराण्याच्या नक्षीवरून पटत नाही, बहिणीच्या हातून सुटलेल्या टाक्यांवरून पटते. मला हे जास्त खरं वाटलं. उशीखालचं स्वेटर मी परत काढलं.

जुलैमध्ये ताई आली. दुसरं बाळंतपण सासरी करतात, पण तिने इथेच यायचं म्हटलं आणि कोणी विरोध केला नाही. तिला रात्री झोप नसायची. एकदा पाणी प्यायला उठली आणि माझ्या खोलीत दिवा बघून आत आली. लपवायला वेळच मिळाला नाही. तिने स्वेटर हातात घेतलं, गाठीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता रडेल किंवा रागावेल. म्हणाली, "मान केवढी ठेवलीयस? डोकं जायला पाहिजे." बरोबर होतं. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं जवळजवळ छातीएवढंच असतं. तिच्यामुळे मी एका खांद्यावर बटणपट्टी केली.

त्यानंतर ती रोज रात्री यायची. डॉक्टरांनी तिला बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्या होत्या. ती माझ्या पलंगावर डाव्या कुशीवर पडून मोजायची, मी खुर्चीत टाके मोजायचो. दोघंही पुटपुटत. कधी तिचा आकडा ऐकून माझा चुकायचा. एका रात्री ती सहावर अडकली. सहा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी विणायचं थांबलो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तिने पोटाला हात लावून कूस बदलली, मी स्वयंपाकघरातून गूळ आणला. वीसेक मिनिटांनी म्हणाली, "सात." मग लगेच "आठ, नऊ". मग शिव्या घातल्या, बाळाला, लाडाच्या. मी त्या रात्री पुढे एकही ओळ विणली नाही.

आईला हे माहीत होतं की नाही? माझ्या टी-शर्टवर पांढरे तंतू असायचे, कपडे तीच धुवायला टाकायची. ती काही बोलली नाही. मीही नाही.

ऑगस्टच्या शेवटी पुढचा भाग संपत आला होता आणि दुपारी उजेडात मला चूक दिसली. उजवीकडच्या पिळात एक वळण उलट्या बाजूला गेलेलं. छोटी सुई पुढे ठेवायच्या ऐवजी मागे ठेवलेली. बारा ओळी खाली. त्यावर दोन पिळ बरोबर होऊन गेलेले. मी दिवाणखान्यात विणकाम घेऊन बसलो होतो, ताई झोपली होती म्हणून बेसावध. उसवायला टोक काढलं तेवढ्यात आई मागून म्हणाली, "अख्खं नको उसवू. दे इकडे."

मी दिलं.

तिने चष्मा लावला. त्या पिळाचे सहाच टाके सुईवरून सोडले, आणि ते सोडल्यावर मी अक्षरशः डोळे मिटले. टाके सरसर खाली धावले, मध्ये धाग्यांची शिडी उभी राहिली, बारा पायऱ्यांची. दोन्ही बाजूंचं कापड जसंच्या तसं. चुकलेल्या वळणापाशी तिने टाके पकडले, जागा बदलून बरोबर बसवले आणि मग शिडीच्या एकेका पायरीचा धागा घेऊन ते सहा टाके वर आणले, दोन आखूड सुयांवर, मधले दोन पिळ घेत. विसेक मिनिटं लागली असतील. तीन वर्षांत हात काही विसरले नव्हते. पुटपुटत होती, "सीधा, सीधा, सीधा." वर पोचल्यावर तिने सहा टाके परत सुईवर चढवले, कापड दोन्ही बाजूंनी ओढून सारखं केलं. कुठे काय झालं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

मग उलटंपालटं करून सगळं तपासलं. पाठीच्या गाठीत तिला अजून एक चूक सापडली, जी मला दिसलीच नव्हती. रेघ जिथे खालून जायला हवी तिथे वरून गेलेली. मी म्हणालो, "तीही करूया?"

"ती राहू दे," आई म्हणाली. "तीट लावल्यासारखी."

नियमाविषयी आम्ही त्या दिवशी बोललो नाही, नंतरही नाही. मी जिंकलो असं मला वाटलं नाही. बाह्या मात्र मी बाळ आल्यावरच विणल्या. आईने तसं म्हटलं नव्हतं, पण तिने पुढचा भाग घडी घालून माझ्या हातात देताना "आता बास" असा काहीतरी चेहरा केला होता. तिचं अर्धं मी मानलं. विना बाह्यांच्या दोन तुकड्यांना स्वेटर म्हणत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सप्टेंबरच्या मध्यावर मुलगी झाली. पावणेतीन किलो. रडली, लगेच. दवाखान्याच्या जिन्यात बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि मला म्हणाले, "आवाज ऐकलास ना?" तीन वेळा विचारलं.

बारसं ऑक्टोबरमध्ये झालं. त्याच महिन्यात जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, त्यामुळे पाहुण्यांमध्ये दोन्ही बारशांची चर्चा. आत्याने कानात नाव सांगितलं. (ते इथे लिहायला ताईने मनाई केली आहे.) ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरीचं स्वेटर घालणं शक्य नव्हतं, तरी एका मावशीच्या आग्रहाखातर फोटोपुरतं अंगावर ठेवलं. सहा महिन्यांच्या मापाचं, त्यात ती बुडून गेली. कोणी विचारलं की कुठून घेतलं तर आई सांगायची, "मामाने विणलं," आणि समोरच्याचा चेहरा वाचत राहायची.

डिसेंबरात थंडी पडली. आता बाह्या एकदा दुमडल्या की बसत होतं. तिला त्या गाठीचा उभार आवडला, म्हणजे तोंडात घालायला आवडला. छातीवरची गाठ सतत ओली.

एका दुपारी मी जेवायला खाली आलो तेव्हा आई गोदरेजच्या कपाटासमोर जमिनीवर बसली होती. मांडीवर ती पिशवी. टोपडं विणायचं म्हणत होती दोन दिवस, उरलेल्या पांढऱ्या लोकरीचं. मी म्हणालो, "माझ्या सुया घे ना, रिकाम्याच आहेत."

"माझ्या हाताला याच बसतात," ती म्हणाली.

तिने पिवळं विणकाम मांडीवर पसरलं. अर्धी राहिलेली ओळ आधी पुरी केली. मग जाड दाभणात पांढरा दोरा ओवला आणि सुईवरचा एकेक टाका दोऱ्यावर घेतला, मोजत. एकाहत्तर भरले. दोऱ्याची दोन्ही टोकं बांधली, स्वेटरची घडी केली, पिशवीत घालून पिशवी शालूच्या मागे ठेवली. सुया पदराला पुसल्या आणि मला म्हणाली, "ताट घे, आमटी गार होतेय."